पाचपैकी पाच

माझ्या आत्तीला, म्हणजे यल्लव्वा सिद्राम हिला, "तुला येत नाही" असं कुणी म्हटलेलं आयुष्यात खपलं नाही. म्हटलं मात्र रोज गेलं. चाळीस वर्षं तिनं निपाणीत बिड्या वळल्या आणि रोज संध्याकाळी माल घेऊन चेकरपुढं उभी राहिली. चेकर बिड्यांचा कट्टा उचलायचा, बोटानं दाबायचा, नाक मुरडायचा आणि चारपाच बिड्या सगळ्यांदेखत चुरडून खाली टाकायचा. त्याला छाट म्हणतात. छाट निघाली की बाकीच्या बायका दोन दिवस गल्लीत मान खाली घालून फिरायच्या. आत्ती मान खाली घालणाऱ्यातली नव्हे. ती वाटेभर चेकरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, घरी येऊन सूप मांडीवर घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी असा माल न्यायची की चेकरला बोट ठेवायला जागा मिळू नये.

आता तिचं वय चौसष्ट. बिड्या सुटल्या, तोंड सुटलेलं होतं ते तसंच आहे. घरात ती आणि सिद्राम मामा, तिचा नवरा, दोघंच. मामानं तरुणपणी तंबाखूच्या वखारीत हमाली केली आणि तिथून सुटताना आपली छाती तिथंच ठेवून आला. दम्याचं औषध दर गुरुवारी बदलून घ्यावं लागतं, कारण गुरुवारी आमराई दवाखान्यात बेळगावहून छातीचे डॉक्टर येतात. दवाखाना धर्मादाय, डॉक्टर हुशार, आणि नंबर फक्त चाळीस. नंबर देतो मष्णू. जाळीच्या खिडकीमागं बसून तो चिठ्ठ्या फाडतो, सगळ्यांवर खेकसतो, आणि कुणाची छाती किती वाजते हे डॉक्टरांच्या आधी ओळखतो. आत्तीचं आणि त्याचं दर गुरुवारी भांडण व्हायचं. आमच्या गल्लीत यालाच ओळख म्हणतात.

मी पारमिता, आत्तीच्या धाकट्या भावाची मुलगी. बेळगावात टिळकवाडीतल्या एका कंपनीत मी वेबसाइट वापरायला किती सोपी आहे ते तपासते. काम सांगायला सोपं आहे. एक साधा माणूस बसवायचा, त्याला वेबसाइटवर एखादं काम करायला सांगायचं, आणि तो कुठं अडखळतो ते शेजारी बसून बघायचं. मदत करायची नाही, खुणावायचं नाही, सुस्कारासुद्धा सोडायचा नाही. गप्प बसायचा पगार मिळतो, आणि आमच्या घराण्यात हे काम माझ्या वाट्याला यावं यावर अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

"म्हंजे तू चेकर झालीस," आत्ती पहिल्यांदा ऐकून म्हणाली.

"व्हय, पण माणसांची न्हाय गं. वेबसाइटची."

"चेकर त्यो चेकर," ती म्हणाली आणि मला चहा दिला. साखर मात्र कमी घातली.

गेल्या वर्षी आमराई दवाखान्याचंच काम आमच्या कंपनीकडं आलं. दवाखान्याचे सेक्रेटरी आण्णाप्पा यांनी बेंगळूरच्या कुठल्याशा कंपनीकडून नंबर लावायची वेबसाइट करून घेतली होती. ती करणाऱ्यांनी निपाणी नकाशावरसुद्धा बघितली नसावी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. कमिटीनं ठराव केला होता की पाच पेशंटांनी कुणाच्या मदतीशिवाय नंबर लावून दाखवायचा. पाचातल्या चौघांना जमलं तर पुढच्या महिन्यापासून नंबर फक्त वेबसाइटवर. मष्णूची खिडकी बंद, मष्णू रेकॉर्डरूममध्ये. तपासणीचा अहवाल आम्ही द्यायचा.

इथं मी दोन चुका केल्या. पहिली म्हणजे पाच पेशंट दवाखान्याच्या वहीतून निवडायचे सोडून आत्तीला फोन केला: तू ये, आणि गल्लीतल्या चौघींना आण. ती म्हणाली, आणतो. आमच्याकडच्या बाया 'आणतो'च म्हणतात. पाचही जणी एका गल्लीतल्या, पाचही बिडीवाल्या, आणि चौघी आत्तीच्या शब्दाबाहेर नसलेल्या. दुसरी चूक म्हणजे खिडकी बंद होणार हे मी तिला सांगितलंच नाही. निकालाचं काय होणार हे तपासणीआधी माणसाला सांगू नये, असा आमच्या धंद्यात नियम आहे. नियम पाळणारं गाढव सगळ्यात जास्त लाथा मारतं.

सोमवारी मी आत्तीच्या घरी एक कच्ची फेरी घेतली. मामाचा फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "मामाचा गुरुवारचा नंबर लाव. मी काय बोलणार न्हाय."

वेबसाइट उघडली ती इंग्रजीत. कानडी वर कोपऱ्यात होती, मराठी खाली एका पृथ्वीच्या चित्रामागं दडवलेली. आत्तीनं ते चित्र बघितलं आणि सोडून दिलं. "जगाचं मला काय करायचंय," म्हणाली. कशीबशी मराठी सापडली तर जन्मतारीख आडवी आली. मामाची जन्मतारीख एक जून. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची एक जूनच आहे, कारण शाळेतल्या मास्तरांना दुसरी तारीख सुचायची नाही. पण वेबसाइटवरचं कॅलेंडर आजच्या महिन्यावर उघडायचं, आणि तिथून मामाच्या जन्माच्या सालापर्यंत एकेक महिना मागं दाबत जायचं. मी मनात हिशेब केला, आठशेच्या वर भरला. आत्ती दाबत बसली. मामा शेजारी खाटेवर खोकत बसला. इंदिरा गांधींच्या आसपास कुठंतरी तिचा अंगठा घसरून 'मागे'वर पडला आणि सगळं पुसून गेलं.

दुसऱ्यांदा ती शेवटपर्यंत पोचली, तर 'पुढे'च्या बटणावर एक हसरी बाई गोलात येऊन बसली: मी आपली काय मदत करू?

"बाजूला सर गं बया," आत्ती तिला म्हणाली. बया सरली नाही.

बावीस मिनिटं झाली आणि नंबर लागला नाही. मी मनातल्या मनात खूश होते, कारण एवढ्या चुका एका बैठकीत सापडणं म्हणजे आमच्या धंद्यात दिवाळी. भराभरा लिहून घेत होते. आत्ती माझ्या पेनाकडं बघत होती.

"काय लिवलीस?"

"वेबसाइटच्या चुका."

"मी कुठं चुकलो?"

"तू न्हाईस चुकली, आत्ती. परीक्षा तुझी न्हायच. वेबसाइटची हाय."

हे वाक्य आम्हाला शिकवलेलं असतं. प्रत्येक माणसाला तपासणीआधी ते म्हणून दाखवायचं, म्हणजे त्याला धीर येतो. ज्यानं हे वाक्य काढलं त्याला कुणी चाळीस वर्षं रोज संध्याकाळी उभं करून तपासलेलं नसणार. आत्तीनं फोन बाजूला ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "बुधवारी दवाखान्यात हाय न्हवं? येतो." मला वाटलं, समजली. कप्पाळ समजली.

बुधवारी दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये पाचही जणी हजर. ठेवणीतली लुगडी, डोक्यात अबोली, बोर्डाच्या परीक्षेला आल्यासारख्या. मी एकेकीला बसवलं, समोर कॅमेरा लावला आणि काम सांगितलं. आत्तीचा नंबर साडेतीन मिनिटांत लागला. माझा विश्वास बसेना. मग तिची शेजारीण रत्नव्वा बसली. तिनं फोनकडं बघितलंसुद्धा नाही; नजर छताला, ओठ पुटपुटताहेत, अंगठा आपला चाललाय. चार मिनिटं. ती हसरी बाई आली तशी रत्नव्वानं तिला कोपऱ्यात एक टिचकी मारून हाकलली. त्या कोपऱ्यात फुली आहे हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

"रत्नव्वाक्का, हे हिरवं बटण कशाचं वाटतं तुम्हास्नी?" मी विचारलं.

"कशाचं का असंना," ती म्हणाली, "तिसरं हाय."

घोडं कुठं पेंड खातंय हे मला तिथंच कळायला हवं होतं. कळलंही. पण आण्णाप्पा साहेब हॉलमध्ये येऊन बसले होते, पाचवीचा नंबर लागला तसे त्यांनी टाळ्या वाजवल्या, बेंगळूरला फोन लावून "हौदु सर, हौदु सर" अशी कानडीत होयबा करत पेढे मागवले, आणि एक पेढा माझ्या तोंडात कोंबला. तोंडात पेढा असताना शंका काढता येत नाही. अहवालात मी पाचपैकी पाच लिहिलं. शंका शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकल्या, जिथं कुणी जात नाही, आणि खाली सही केली. स्वतःला तपासनीस म्हणवणाऱ्या बाईनं असा पळपुटेपणा केला. मला त्याची लाज वाटते, आणि वाटायलाच पाहिजे.

पुढच्या महिन्यात एका पुढाऱ्याच्या हस्ते वेबसाइटचं उद्घाटन झालं. मष्णूच्या खिडकीला फळी लागली, फळीवर तीन भाषांत सूचना लागली. आणि बेंगळूरवाल्यांनी उद्घाटनाचा फोटो, हारतुऱ्यांसकट, वेबसाइटवर वरून तिसऱ्या घरात चढवला. फोटो जागेवर बसला आणि खालचं सगळं एकेक घर खाली सरकलं.

त्या आठवड्यात गुरुवारी सकाळी सहाला नंबर सुरू झाले तेव्हा आत्ती फोन घेऊन तयार होती. तिनं तिसऱ्यावर बोट ठेवलं. पुढारी मोठा झाला. तिनं पुन्हा ठेवलं. पुढारी आणखी मोठा झाला; त्याच्या मिशा तेवढ्या स्क्रीनवर मावल्या. दहा मिनिटांत चाळीस नंबर संपले. तरीही ती मामाला रिक्षात घालून दवाखान्यात गेली, फळीवर थाप मारली आणि मष्णूच्या नावानं ओरडली. मष्णू रेकॉर्डरूमच्या दारातून म्हणाला, "यल्लव्वाक्का, माझ्या हातात आता चिठ्ठी न्हाय हो." पहिल्यांदाच तो तिच्याशी नरमाईनं बोलला, आणि त्यानंच ती घाबरली. मामा औषधाविना परत आला. पुढचे चार दिवस त्याला पाठ टेकता येईना. भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून बसायचा, आणि ती शेजारी पंख्यानं वारा घालत बसायची.

मला फोन आला तो चौथ्या दिवशी, सोमवारी.

"चांगला माल लई जणांनी छाटलेला बघितलाय मी," आत्ती म्हणाली. "पण फुटका माल पास करणारा चेकर आमच्याच घरात निपजावा?"

"आत्ती, तुमच्या पाचीजणींचा लागला की नंबर! मी काय करणार?"

"पाठ केलतं!"

मग सगळं बाहेर आलं. कच्च्या फेरीच्या सोमवारी मी गेल्यावर तिनं चौघींना अंगणात बोलावलं, फरशीवर खडूनं हातभर लांबीचा फोन काढला आणि दोन दिवस घोकून घेतलं. वरून तिसरं, मग खाली, मग डावं. त्या कॅलेंडरात सालाच्या आकड्यावर दोनदा टिचकी मारली तर सालांची यादी उघडते, हेही तिनंच शोधून काढलं. आम्ही चार शिकलेल्यांनी ते शोधलं नव्हतं. बिडी वळताना बोटं बघत नाहीत, तशी त्या फोनवरही बघेनाशी झाली.

"अगं, पण पाठ कशाला केलं? मी सांगितलं न्हवं, परीक्षा तुमची न्हाय म्हणून?"

"तपासणीला मोकळ्या हातानं कोण जातंय गं?" ती म्हणाली. "आणि खिडकी जाणार हे का सांगितली न्हाईस?"

नियम सांगितला असता तर तिनं फोनमधून चप्पल मारली असती.

मी आण्णाप्पा साहेबांकडं गेले आणि म्हटलं, तपासणी चुकली, पुन्हा घेऊ. ते म्हणाले, पाचपैकी पाच, कॅमेऱ्यात आहे, तुमची सही आहे. माझीच सही मला दाखवली. बराच वाद झाल्यावर कबूल झाले: गुरुवारी सकाळी कमिटीची बैठक आहे, त्या दिवसाचे नंबर बैठक होईपर्यंत थांबवू, त्याच पाच बायकांनी कमिटीच्या सातही जणांसमोर करून दाखवावं. जमलं तर विषय संपला. नाही जमलं तर खिडकी उघडू.

ते मी आत्तीला फोनवर सांगितलं. मागून मामाचा श्वास ऐकू येत होता.

"म्हंजे सात बाप्यांम्होरं म्हणायचं, मला येत न्हाय?"

"जे हाय ते म्हणायचं."

"मी नवीन पाठ करतो," ती म्हणाली. "त्या पुढाऱ्यासकट. एक दिवस लागंल. माझ्या माणसाचा नंबर मग माझा मी लावतो."

"तुझं जमंल," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. "पण पुढच्या महिन्यात ते आणखी काय हलवतील. मग आणखी एक गुरुवार जाईल. आणि ज्यांच्या गल्लीत तू न्हाईस, त्यांनी काय करायचं?"

तिनं फोन ठेवला. गुरुवारपर्यंत उचलला नाही.

गुरुवारी नऊला हॉलमध्ये कमिटीचे सात जण चहा पीत बसले होते. मामा खाली बाकावर, नंबराविना. गल्लीतला एक रिक्षावाला त्याला धरून बसला होता. पाचही जणी आल्या, तीच लुगडी, तीच अबोली. आत्ती माझ्याकडं बघेना. ती पहिली बसली. मी फोन तिच्या हातात दिला आणि नियमाप्रमाणे गप्प झाले. आयुष्यात एवढं अवघड गप्प मी कधी बसले नव्हते.

तिचा अंगठा उठला आणि सरळ चौथ्या घरावर गेला. अगदी बरोबर जागी. तिनं नवीनही पाठ केलं होतं. दोन दिवस फोन का उचलला नाही ते आत्ता कळलं. आण्णाप्पा साहेब पुढं वाकले. अंगठा बटणाच्या बोटभर वर थांबला, आणि थांबूनच राहिला.

"झालं का, आजी?" एका मेंबरनं विचारलं.

आत्तीनं फोन टेबलावर ठेवला.

"पाठ हाय," ती म्हणाली, "पण येत न्हाय."

"म्हणजे?"

"हे कशाचं बटण हाय, मला म्हाईत न्हाय. चौथं हाय एवढं म्हाईत हाय. आदल्या बारीला तिसरं हुतं. तुमी ह्यातलं एक जरी हलवला तर मी आंधळी." तिनं घसा खाकरला. "मला येत न्हाय, साहेब. मला येत न्हाय."

दोनदा म्हणाली. चेकरपुढं चाळीस वर्षांत एकदाही न म्हटलेलं, सात परक्या पुरुषांसमोर दोनदा. मला रडू आलं, आणि मी रडलेही. तपासणीत हे चालत नाही, पण चुलीत गेली तपासणी.

मग मागून रत्नव्वा म्हणाली, "मलाबी न्हाय येत." तिसरी म्हणाली, "मी तर डोळं मिटूनच केलतं." चौथी आणि पाचवी हसत सुटल्या आणि त्यांनी फोन हातातसुद्धा घेतला नाही. यल्लव्वाच्या आधी त्यांच्यातल्या एकीनंही तोंड उघडलं नसतं. जीव गेला तरी पाठ म्हणून दाखवलं असतं.

आण्णाप्पा साहेब म्हणाले, हा प्रकार मुद्दाम घडवला आहे. तेव्हा कमिटीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या मेंबरनं फोन स्वतःकडं ओढला आणि म्हणाला, बघू मी. त्यानं पुढाऱ्याला चारदा मोठं केलं, पाचव्यांदा कपाळाला हात लावला आणि फोन सेक्रेटरींच्या पुढ्यात सरकवला. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. शेवटी ठराव झाला: वेबसाइट नीट होऊन पुन्हा तपासली जाईपर्यंत खिडकी चालू.

मष्णूला रेकॉर्डरूममधून बोलावलं. फळी काढताना त्यानं खिळे तिथंच जमिनीवर फेकले. आत्ती जिना उतरून रांगेत उभी राहिली. तिच्या पुढं सहा जण होते, आणि तिला पुढं सोडायला सगळे तयार होते. "रांगेत हाय मी," ती त्यांच्यावर डाफरली. नंबर घेऊन ती बाकाकडं गेली. रिक्षावाल्याला बाजूला सारलं आणि मामाच्या काखेत हात घातला.

"काय झालं वर?" मामानं दोन श्वासांत विचारलं.

"नापास झालो," आत्ती म्हणाली. "ऊठ, सात नंबर हाय."